नेट नसलेल्या व्हर्च्युअल मशीनवर गेस्ट ॲडिशन्स बसत नाही? आधी इमेज बदला

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा, व्हर्च्युअल पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) डेबियन लिनक्स टाकलं, नेट द्यायचं नाही असा नियम आहे, आणि गेस्ट ॲडिशन्स (शेअर्ड फोल्डरसारख्या सोयी देणारं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर, मशीनच्या आत बसवायचं) ‘जीसीसी, मेक, पर्ल बसवा’ म्हणून अडून बसतं; स्वतःचे भाग जुळवायला त्याला ही साधनं लागतात. हे दुखणं मी भोगलंय. रॅम, डिस्क, व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय) हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

डेबियनच्या नेटइन्स्ट इमेजमध्ये (इन्स्टॉल करायची छोटी डिस्क-फाइल) जेमतेम पायाभूत सिस्टिम असते, बाकी सगळं ती नेटवरून ओढते. डीव्हीडी-१ ची इमेज घ्या. कंपायलर (म्हणजे जीसीसी) आणि कर्नल हेडर्स (सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जुळणारे भाग बनवायला लागणाऱ्या फाइल्स) तिच्यातच मिळतात. एपीटी-सीडीरॉम या कमांडने ती जोडली की नेहमीसारखं इन्स्टॉल होतं.

सुट्या डेब फाइल्स (डेबियनची एकेक पॅकेजेस) मागवायच्या फंदात मात्र अजिबात पडू नका. माझ्या आधीच्या कंपनीच्या आयटी विभागाने तेच करायला लावलं होतं. प्रत्येक फाइलला वेगळा फॉर्म, त्यावर साहेबांची सही. फाइल आली की तिला आणखी दोन पॅकेजेस लागायची, की पुन्हा फॉर्म. शेवटी हेडर्स आले ते नव्यात नव्या कर्नलचे, मशीनवरचं कर्नल त्याआधीचं. ‘युनेम -आर’ ही कमांड दिल्यावर जो आकडा दिसतो तोच हेडर्सच्या नावात जसाच्या तसा लागतो. अर्जावर पूर्ण नाव लिहिलं होतं, तरी उत्तर एकच: ‘लेटेस्ट दिलंय ना!’ त्यात माझे आठवडे गेले. नेट बंद करायचा नियम ज्यांनी केला, नेटशिवाय काम चालवायची सोयही त्यांनीच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मला विचाराल तर नेट असलेल्या दुसऱ्या पीसीवर सगळं बसवून, नेटवर्क ॲडॅप्टर बंद करून ओव्हीए फाइल (अख्खं मशीन एकाच फाइलमध्ये) आणणं सगळ्यात सोपं. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) तिच्यात येत नाहीत, ते इकडे आल्यावर घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपुढची फाइल जात नाही, एक्सफॅट करून घ्या. अर्थात तुमच्याकडचे नियम मला माहीत नाहीत, लेखी परवानगी घेऊनच करा.

मशीन संशयास्पद फाइल्स तपासायला हवं असेल, तर गेस्ट ॲडिशन्स बसवूच नका. त्यातला शेअर्ड फोल्डर म्हणजे होस्टकडे, म्हणजे मूळ पीसीकडे, जाणारी उघडी वाट. फाइल्स आयएसओ (सीडीसारखी जोडता येणारी डिस्क-फाइल) करून आत न्या.

आणि व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींची वेगळी पुरवणी) ऑफिसात टाकू नका. तो फुकट आहे तो वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणीपुरताच, कंपनीच्या कामाला पैसे भरून परवाना घ्यावा लागतो.