बाळाच्या अंगावर काय आणि अंगात काय

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मागून बाळाचं कुरकुरणंही ऐकलं, जीव सुखावला. घुटी, काजळ, धुरी, नाकात तेल, आत्याबाईंची मिश्री, संध्याकाळचं रडणं. आई एक सांगते, सासूबाई फोनवर दुसरं सांगतात, डॉक्टर तिसरंच. आणि शेवटी विचारलंस, "मावशी, सगळ्यांना नाही म्हणायचं तरी कसं?"

सगळ्यांना नाही म्हणायचंच नाही. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात सिस्टर म्हणून नोकरी करताना बाळंतिणींना मी एकच रेघ आखून देत असे, तीच तुलाही देते. बाळाच्या अंगावर जे होतं ते घरच्यांना करू दे. बाळाच्या अंगात जे जातं, मग ते तोंडातून जावो, नाकातून, डोळ्यातून की श्वासातून, ते तू ठरव. तिथं कुणाचा मान, कुणाचं वय आड येऊ देऊ नकोस.

अंगावरचं म्हणजे काय? मालिश, न्हाऊमाखू, कुंची, टोपडं, पाळणा, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणं, पाचवीची पूजा. हे सगळं होऊ दे, आणि मनापासून होऊ दे. रोज सकाळी येणाऱ्या त्या बाईच्या हाताखाली बाळ कसं सैल होतं ते बघितलंस ना? कोमट तेल, हलका हात, खोलीत वारं नको, आणि आंघोळीनंतर मानेच्या, काखेच्या, जांघेच्या वळ्या कोरड्या पुसलेल्या, एवढं झालं की पुरे. दोनच गोष्टींना तिला अडव. बाळाची छाती पिळून "दूध काढायचं" नाही, त्यानं गाठ पिकते. आणि बेंबीत हळद, तेल, राख काही भरायचं नाही. तिथली जखम भरून आलेली असो वा नसो, ती आत शिरायची वाट आहे. आजीच्या जुन्या इरकलीची वाकळ खाली अंथरायला उत्तम, इतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही. फक्त झोपवताना बाळाला पाठीवर झोपव, आणि पांघरूण तोंडावर येणार नाही असं छातीखाली खोच.

आता घुटी. आईनं रविवार पेठेतून हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ असं सगळं बांधून आणलंय म्हणालीस. त्या पुडीत तिची माया आहे हे मला कळतं. तरीही सहा महिने पूर्ण होईपर्यंत तुझ्या दुधाशिवाय काही नको, पाण्याचा थेंबही नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं; चैत्र-वैशाखाच्या उन्हातही तेवढं पुरतं, मग या पावसात काय सांगायचं. सहाण कितीही घासली तरी तिच्या खरबरीतपणात ओल राहते, दमट दिवसांत त्या मुळ्यांना बुरशी धरते, आणि तान्ह्याची हगवण तिथून लागते. जायफळाचे वेढे जास्त पडले की बाळ सुस्त पडतं. घरातली म्हणतात, "बघ, गुटी दिली आणि कसं शांत झोपलंय." सुस्तावलेलं बाळ नीट दूध ओढत नाही, ते वजनात दिसतं. मधाचं बोट तर वर्षभर नाहीच. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात रुजतात आणि त्यांच्या विषानं अंग लुळं पडतं.

डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चुकवू नकोस. रोजचे ४०० युनिट. आषाढ-श्रावणात आपल्याकडं ऊन दिसतं कुठं?

संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत रडतंय, सारखं अंगावर ओढतंय, म्हणून सगळे म्हणायलेत, "पोर रडायलंय, दूध पुरंना जणू." हे वाक्य बाळंतिणीचा धीर घालवतं. तू नीट ऐक. बाळ आता सहा आठवड्यांचं झालं. रडण्याचा जोर याच सुमाराला सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. ज्या घरात याच दिवसांत घुटी सुरू होते तिथं यश घुटीला जातं, ओसरणारं मात्र ओसरतंच. याच वयात बाळ एकदम वाढीला लागतं, म्हणून तासा-तासाला पिऊन तुझं दूध वाढवून घेतं. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नकोस, दुपट्यांवरून ठरव. चोवीस तासांत सहा किंवा जास्त दुपटी भिजत असतील, आणि पहिले तीन महिने रोज सरासरी २०-३० ग्रॅम वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, घरी येते तेव्हा तिच्या काट्यावर वजन करून घे. दवाखान्यात बाळंत झालेलीकडं तिनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. तुझ्याकडं तिची शेवटची फेरी याच आठवड्यात असेल. कुणी पावडरीचा डबा भेट आणला तर घेऊन ठेवून दे, फोडू नकोस. या डब्यांची जाहिरात करायला, नमुने फुकट वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही.

काजळाला सोपी वाट आहे. डोळ्यात नाही, तीट लाव. गालावर, कानामागं, तळपायाला, हवी तेवढी मोठी. दृष्ट लागू नये ही आजीची इच्छाही पुरी होते आणि डोळाही वाचतो. बाजारच्या काजळात शिसं सापडलेलं आहे, घरच्या काजळात बोट आणि काजळी दोन्ही असतात. नाकात, कानात तेल अजिबात नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर त्याचा न्यूमोनिया होतो आणि तो साध्या औषधाला दाद देत नाही.

धुरीबद्दल मला जरा थांबून लिहायचंय, कारण आपल्या पश्चिमेच्या पट्ट्यात ती फार. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस असा की दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत, घर दमट, दारं-खिडक्या लावलेल्या. न्हाणं झालं की पाटीत निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, धूप. बाळाला पालथं धरून त्या धुरावर फिरवतात. बाळ ठसकतं, डोळे मिटून घेतं, आणि धरणारी म्हणते, "कफ सुटायलाय." कफ सुटत नसतो, नळी आवळत असते. तुझ्या-माझ्या मानानं बाळ मिनिटाला दुप्पट-तिप्पट श्वास घेतं, म्हणजे तेवढाच जास्त धूर. आणि बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दार लावून झोपायचं तर कधीच नाही. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. ऊब हवीच ना? मग बाळाला तुझ्या उघड्या छातीशी धर आणि वरून शाल घे. आजीला धुरीच करायची असेल तर दुपट्यांना करू दे, पडवीत, बाळ घरात असताना. दुपटी इस्त्रीनं सुकवलीस तर तेही लागणार नाही.

मिश्री. हे तू लाजत, हळू आवाजात विचारलंस. लाजू नकोस. निपाणी पट्टा तंबाखूचा, आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी परड्यात बसून बोटानं दात घासतात ते त्याच भाजल्या तंबाखूनं. "बाळंतपणात दात हलतात, मिश्री लावावी" असं आत्याबाई म्हणाल्या असतील, पण त्यातलं निकोटिन तुझ्या दुधात उतरतं. म्हणजे तू दातांना लावलेलं बाळाच्या पोटात जातं. तू अजून लावलेली नाहीस, लावू नकोस. घरात तंबाखू भाजायचीही नाही. तव्यावरून उठणारा तो धूर साऱ्या घरात भरतो. आणि आत्याबाईंना बाळ घ्यायचं असेल तर आधी हात साबणानं धुवून, चूळ भरून. हे मी त्यांना स्वतः सांगेन, तुझ्यावर येऊ देणार नाही.

बाकीचं कुणी सांगायचं? सासरकडच्यांना तुझ्या नवऱ्यानं. हे माझं ठाम मत आहे. नव्या सुनेनं "घुटी नको" म्हटलं की ती शेफारलेली ठरते, मुलानं म्हटलं की "डॉक्टर म्हणाले असतील" म्हणून विषय संपतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कामावरून सुटी घेऊन रविवारी तो येतो तेव्हा नुसता बाळ मांडीवर घेऊन फोटो काढायला येऊ नये. त्याला आशाताईसमोर, डॉक्टरांसमोर बसव, त्याच्या कानावर पडू दे. आणि सासूबाईंकडून काही काढून घेताना त्यांच्या हातात दुसरं काही दे. घुटी नको, पण मालिश तुम्हीच करा. काजळ नको, पण तीट तुमच्याच हातची. ज्या बाईनं चार पोरं वाढवलीत तिला रिकाम्या हातानं बसवलंस तर ती दुखावणारच.

आता तुझं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपू, भाकरी, सगळं खा, मागून खा. पण "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं" हे ऐकू नकोस. पाजायला बसलीस की जवळ तांब्या भरून ठेव. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक, चहासोबत नाही. उपकेंद्रात फुकट मिळतात. सासरी गेलीस की जवळच्या अंगणवाडीत नाव घाल. कर्नाटक सरकारच्या २०१७ पासूनच्या मातृपूर्ण योजनेत स्तनदा मातांना शिजवलेलं जेवण मिळतं. ते गरिबांचं म्हणून नाक मुरडू नकोस.

आणखी एक. "मला कारण नसताना रडू येतं" हे तू मधेच बोलून पुढच्या विषयावर गेलीस. मी तिथंच अडकले. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत बहुतेक बाळंतिणींना येतं आणि जातं. तुला आता सहा आठवडे झाले. बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर हा आजार आहे, त्याला औषध आहे आणि दूध पाजत असतानाही घेता येईल असं औषध आहे. लसीला जाशील त्या दिवशी डॉक्टरांना स्पष्ट सांग. रात्री फार जड झालं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानसचा सरकारी नंबर, पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो. आणि मला कर. कितीही वाजलेले असोत.

बाळ प्यायचं थांबलं, मिनिटाला ६० च्या वर श्वास चालला, श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडायला लागला, झटका आला, अंग गार किंवा ढिलं पडलं, तळवे पिवळे दिसले, ताप १००.४ च्या वर गेला, यातलं एकही दिसलं तर उतारा, अंगारा, शेजारणीचा सल्ला काही नाही, थेट १०८. लसीनंतर एखादा दिवस येणारा ताप वेगळा. त्याचं औषध किती द्यायचं ते लस देणाऱ्या सिस्टरकडून वजन सांगून लिहून घे.

सहा आठवड्यांची लस झाली असेल तर पुढची दहा आठवड्यांची माहेरीच घे. चौदा आठवड्यांची येईपर्यंत तू सासरी वडगावला गेलेली असशील. जाताना तायी कार्ड, म्हणजे तुझ्या-बाळाच्या तपासण्या आणि लसींचं सरकारी कार्ड, कपड्यांच्या बॅगेत नको, तुझ्या पर्समध्ये ठेव. कार्ड कन्नडमध्ये आहे. तुला भरभर वाचता येत नसेल तर आशाताईकडून पुढच्या तारखा मराठीत मागच्या पानावर लिहून घे. तिकडच्या आरोग्य केंद्रात तेच कार्ड चालतं. आणि जन्मदाखल्यावर बाळाचं नाव घालताना कन्नड आणि इंग्रजी दोन्हीकडचं स्पेलिंग आडनावासकट खिडकीवरच वाचून बघ, नवऱ्याच्या आधारकार्डाशी जुळवून. नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

पाऊस जरा उघडला की मी येतेच. तोवर वजनाचा आकडा मला कळव.

तुझी मावशी