माझं वर्कशॉप रत्नागिरीत किनाऱ्याला आहे. लेझर मार्किंग मशीन डेस्कटॉपला जोडलं, पण ते चालवणारं ईझीकॅड सॉफ्टवेअर ‘डाँगल सापडत नाही’ म्हणतं आणि ‘डेमो’मध्येच उघडतं. काय करू?

सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. ‘डाँगल सापडत नाही’ म्हणजे बहुतेकदा कंट्रोल कार्डच, म्हणजे मशीनमधला लेझरला आदेश देणारा सर्किट बोर्ड, कॉम्प्युटरला दिसत नाहीये. मशीन चालू ठेवून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर हाताने द्या. सहसा ईझीकॅडच्याच फोल्डरात असतो. काहीच दिसत नसेल तर कार्डाला 5 व्होल्ट पोचतायत का ते मीटरने बघा, आणि यूएसबी केबल हब न घेता थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावा. मार्किंग करताना मध्येच कनेक्शन तुटतंय? अर्थिंग तपासा.

कार्ड दिसतंय पण लेझर पडत नाही, असं झालं तर कार्डापासून लेझर सोर्सकडे जाणारा 25 पिनांचा कनेक्टर काढून बघाच. वर्कशॉप रत्नागिरीत किनाऱ्याला आहे म्हणताय, तिथल्या खाऱ्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, अर्थात हे सगळं मेन स्विच बंद करून.