१९५४ साली वानखेडे नव्हतंच, पण आजोबा खोटं बोलले नाहीत

आजोबा १९५४ मध्ये ‘वानखेडे’वर कांगा लीग (मुंबईतल्या क्लबांची क्रिकेट स्पर्धा) खेळले असं घरात सांगतात, त्याचा पुरावा कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. वडिलांसाठी मीही हीच पायपीट केलीय, म्हणून लिहितोय.

वानखेडेवरची पहिली कसोटी जानेवारी १९७५ ची, वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ ची. त्याआधी मोठे सामने जवळच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायचे. तिकिटांच्या वाट्यावरून ब्रेबॉर्नची मालक सीसीआय (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचं बिनसलं नसतं, तर इतक्या जवळ दुसरं स्टेडियम कशाला बांधलं असतं? आजोबांचा सामना बहुधा आझाद मैदान, क्रॉस मैदान किंवा मरीन ड्राइव्हच्या एखाद्या जिमखान्यावर झाला असेल. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर चालते. सांगता सांगता घरात मैदानाचं नाव बदललं असेल, इतकंच.

आता महत्त्वाचं. एका संस्थेच्या कार्यालयात (नाव घेत नाही) जुनी स्कोअरबुकं काचेच्या कपाटात होती. पुठ्ठ्यांवरची सालं बाहेरून वाचता यायची, वडिलांचा मोसमसुद्धा दिसत होता. आधी सभासदाचं पत्र मागितलं. ते नेलं, तर सचिवांची सही हवी. सही मिळेपर्यंत रंगकाम निघालं आणि कपाट रिकामं. ‘रद्दीत गेली, साहेब,’ एवढंच उत्तर. कुणीतरी पावसात तंबूत बसून पेन्सिलीने टिंब टिंब करत लिहिलेली षटकं होती ती! आजही संताप होतो. शतकं ठोकणाऱ्यांची नोंद राहते. आठव्या नंबरला येऊन बारा धावा करणाऱ्याची फक्त त्याच वह्यांत असते.

म्हणून माझं स्पष्ट मत: अर्ज-बिर्ज नंतर करा. आधी सामन्याच्या दिवशी क्लबच्या तंबूत जा, जुने माळी, अंपायर, स्कोअरर यांना भेटा. वही हाती आली की परवानगी विचारून तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा, ‘पुढच्या वेळी’वर ठेवू नका. सगळीच कार्यालयं अशी नसतात. माझा अनुभव एका ठिकाणचा आहे.

वर्तमानपत्रांत धावफलक यायचे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुने अंक चाळा, पण जुलै ते सप्टेंबरमधल्या सोमवारच्या अंकांपासून सुरुवात करा, रविवारच्या सामन्यांचे धावफलक त्यांत सापडतील. आजोबा गिरणीत किंवा बँकेत असतील तर टाइम्स शील्डही बघा, ती कार्यालयांच्या संघांची स्पर्धा.

क्लबचं नाव आणि लीगमधलं डिव्हिजन (गट) माहीत असेल तर इथेच लिहा.