सुया टोचून वेदना थांबते का?

प्रश्न : अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांची चीनमध्ये भूल न देता, केवळ सुया टोचून शस्त्रक्रिया झाली, असे वडील सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : गोष्ट खरी, पण सांगता सांगता बदललेली. जुलै १९७१ मध्ये पेकिंगला (आजचे बीजिंग) रेस्टन यांचे अपेंडिक्स काढले, ते नेहमीचे भुलीचे इंजेक्शन देऊनच. सुया आल्या नंतर, दुसऱ्या रात्री पोट फुगून ते अस्वस्थ झाले तेव्हा. उजव्या कोपरात व गुडघ्यांखाली लांब, बारीक सुया टोचून वैद्याने त्या फिरवल्या, पोटाजवळ जळती वनस्पती धरली आणि तासाभरात त्यांना आराम पडला.

चिनी वैद्यकानुसार ‘ची’ ही प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, ती अडली की दुखते. त्यामुळे दातदुखीसाठी सुई टोचतात ती अंगठा व तर्जनी यांमधल्या ‘हेगू’ बिंदूवर. तिथे जडपणा वा मुंग्या जाणवल्या की सुई योग्य लागली, असे मानतात. आधुनिक संशोधक मात्र वेदना कमी होण्याचे श्रेय शरीरातील एंडॉर्फिनसारख्या वेदनाशामक द्रव्यांना देतात. जुनाट पाठदुखीत काहींना उतार पडतो, तरी खोट्या, म्हणजे टोचल्याचा केवळ भास देणाऱ्या सुयांच्या तुलनेत फरक थोडाच दिसतो. गर्भवतींना ‘हेगू’वर सहसा टोचत नाहीत.