‘सागरी अभिसरण’ की ‘सागरी प्रवाह’?

प्रश्न असा आला आहे: ‘सौर सक्रियतेतील बदलांचा सागरी अभिसरणावर आणि त्यामार्फत हवामानावर परिणाम होतो’ या वाक्यातला ‘अभिसरण’ शब्द बरोबर आहे का? शाळेत अभिसरण म्हणजे भांड्यातलं पाणी तापून वर येणं असं शिकवलं होतं. मग समुद्राबद्दल साधं ‘सागरी प्रवाह’ म्हटलं तर काय बिघडलं? आणि ‘सौर सक्रियता’ म्हणजे सूर्याची उष्णताच ना?

शब्द बरोबर आहे. ‘प्रवाह’ घातलं तर मात्र वाक्याचा अर्थ बदलतो, आणि तो बदल किरकोळ नाही.

मराठीत ‘अभिसरण’ दोन कामं करतो. उष्णता पसरण्याच्या वहन, अभिसरण, प्रारण या त्रयीत तो कन्व्हेक्शनसाठी येतो, म्हणजे तापून किंवा गार होऊन पाणी-हवा वरखाली होण्यासाठी. रक्ताभिसरणात किंवा वातावरणाच्या अभिसरणात तो सर्क्युलेशनसाठी येतो, म्हणजे फिरून मूळ जागी येण्यासाठी. हिंदीत या दोन कल्पनांना ‘संवहन’ आणि ‘परिसंचरण’ असे वेगळे शब्द आहेत, आणि तिथला ‘अभिसरण’ तिसऱ्याच अर्थाचा आहे: वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकत्र मिळणं. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे एकमेकांना भेटतात त्या पट्ट्याला हिंदीत ‘अभिसरण क्षेत्र’ म्हणतात. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठीत लिहिणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. संस्कृतातला मूळ अर्थ ‘अभि + सृ’, म्हणजे कुणाच्या तरी दिशेने जाणं. ‘अभिसारिका’ याच धातूची. त्यात फिरून मूळ जागी येण्याचा भाव नाही. तो मराठीत रक्ताभिसरणामुळे रुजला असावा असं मला वाटतं, आणि समुद्रासाठी आपल्याला नेमका तोच भाव हवा आहे.

प्रवाह म्हणजे एका दिशेने वाहणारं पाणी. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम हा प्रवाह, जपानजवळचा कुरोशियो हा प्रवाह. पृष्ठभागावरचे असे बहुतेक मोठे प्रवाह प्रामुख्याने वारा चालवतो. अभिसरण म्हणजे सगळा फेरा. अटलांटिकमधलं उबदार पाणी उत्तरेकडे सरकतं आणि वाटेत हवेला उष्णता देत गार होतं. आधीच खारट असलेलं ते पाणी गार झाल्यावर इतकं जड होतं की ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या आसपासच्या समुद्रांत खोल बुडतं. मग तळाकडून दक्षिणेला पसरत जातं आणि पुष्कळसं अंटार्क्टिकाभोवतालच्या महासागरात पुन्हा वर येतं. जगभरच्या या खोल फेऱ्याला हजार वर्षांच्या घरात काळ लागतो. अटलांटिकमधला हिस्सा २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून सतत मोजला जातो आहे. तिथे सरासरी सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी उत्तरेकडे जातं आणि जवळजवळ तितकंच खोलातून परत येतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात त्याच्या दहापटीहून हे जास्त आहे. एवढा फेरा ‘प्रवाह’ या शब्दात मावत नाही.

शाळेतला अर्थही इथे पूर्णपणे गैरलागू नाही, फक्त तो उलटा करून घ्यावा लागतो. भांडं खालून तापतं, म्हणून पाणी वर येतं. समुद्र वरून तापतो, त्यामुळे उबदार पाणी वरच तरंगत राहतं आणि मिसळणं उलट अडतं. पाणी खाली जातं ते वरून गार झाल्यामुळे, आणि खोलवर बुडण्याच्या अशा जागा जगात मोजक्याच आहेत. म्हणजे सागराच्या अभिसरणात कन्व्हेक्शन हा एक टप्पा आहे, सगळं अभिसरण नव्हे. एकाच लेखात दोन्हींबद्दल लिहायचं असेल तर मी कन्व्हेक्शनसाठी ‘संनयन’ वापरेन किंवा सरळ ‘पाणी गार होऊन बुडणं’ असं लिहीन, आणि ‘अभिसरण’ फेऱ्यासाठी राखून ठेवेन.

आता ‘सौर सक्रियता’. ही उष्णता नाही. तिचं मूळ सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. सौरडागांची, म्हणजे सूर्यावरच्या काळपट डागांची, संख्या ठरावीक चक्राने वाढते आणि घटते, हे हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये जाहीर केलं. हे चक्र सरासरी सुमारे ११ वर्षांचं असतं. या डागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असतं हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये दाखवलं. डाग काळपट असले तरी डाग जास्त असताना सूर्य किंचित अधिक प्रकाश देतो, कारण डागांच्या सोबतीने येणारे तेजस्वी पट्टे ती तूट भरून वर थोडी भर घालतात. ही भर किती? पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट येतात आणि चक्राच्या शिखर-तळात जेमतेम ०.१ टक्का फरक पडतो. म्हणून ‘सौर स्थिरांक’ हे जुनं नाव काटेकोर लेखनात खटकतं. मात्र अतिनील किरणांतला फरक याच्या कितीतरी पट मोठा असतो. काही तरंगलांबींत तो कित्येक टक्क्यांवर जातो.

‘प्रवाह’ की ‘अभिसरण’ हा प्रश्न इथे केवळ शब्दाचा राहत नाही. अतिनील किरण वाढले की स्थितांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातला, ओझोन वाढतो, तो थर तापतो, वरच्या वाऱ्यांची घडी थोडी बदलते आणि ते बदल खालच्या वाऱ्यांपर्यंत पोचू शकतात. वारा बदलला की पृष्ठभागावरचे प्रवाह बऱ्यापैकी लवकर प्रतिसाद देतात. खोल अभिसरणाची वाट वेगळी आहे. ते मुख्यतः पाण्याच्या घनतेवर चालतं, म्हणजे तापमान आणि क्षारतेवर. पृष्ठभाग किती तापला, बाष्पीभवन किती झालं, किती बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं, यावर. समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यातच सगळ्या वातावरणाइतकी उष्णता मावते, त्यामुळे ११ वर्षांची बारीक चढउतार तो बहुतांशी पचवून टाकतो. जागतिक सरासरी तापमानात त्या चक्राची खूण सुमारे ०.१ अंश सेल्सिअस एवढीच दिसते. खोल अभिसरणापर्यंत काही पोचायचं तर सूर्य अनेक दशकं मंद राहायला हवा. १६४५ ते १७१५ या काळात तसं झालं होतं. सौरडाग जवळजवळ नाहीसे झाले होते. या काळाला माउंडर किमान म्हणतात.

सूर्याचा समुद्रावर असा दीर्घ परिणाम झाल्याचा पुरावा उत्तर अटलांटिकच्या तळगाळात शोधला गेला आहे. तिथे हिमखंडांबरोबर वाहत आलेले खडकांचे कण सापडतात. जेरार्ड बाँड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या कणांची वाढघट आणि कार्बन-१४, बेरिलियम-१० या किरणोत्सारी अणूंच्या प्रमाणातून कळणारी सौर सक्रियता यांचा मेळ असल्याचं मांडलं. नंतर त्यावर बरेच आक्षेप आले. माउंडर किमानाच्या आसपासच्या शतकांतल्या गारठ्याचं सगळं श्रेय सूर्याला देताही येत नाही. मोठ्या ज्वालामुखींचा त्यात ठळक वाटा होता. म्हणून माझा खरा आक्षेप मूळ वाक्यातल्या ‘परिणाम होतो’ या सरसकट क्रियापदाला आहे. वाऱ्यामार्फत प्रवाहांवर होणाऱ्या परिणामाला आणि खोल अभिसरणावरच्या परिणामाला पुरावा सारखाच भक्कम आहे, असं त्यातून वाटतं. तसं नाही.

‘हवामानावर परिणाम’ हेही जपून लिहावं. वाचक लगेच आजच्या तापमानवाढीकडे वळतो, आणि तिथे सूर्य कारण ठरत नाही. १९८० च्या दशकापासून सौर सक्रियता एकंदरीत उतरती आहे आणि तापमान चढतं. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर स्थितांबरही तापलं असतं. प्रत्यक्षात ते गार होत आहे, आणि ती हरितगृह वायूंची खूण आहे.

मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘सौर सक्रियतेतील बदल वाऱ्यांमार्फत पृष्ठीय सागरी प्रवाहांवर थोडाफार परिणाम करतात, सूर्य दीर्घकाळ मंद राहिल्यास खोल सागरी अभिसरण आणि त्यामार्फत प्रादेशिक हवामानही बदलू शकतं.’