इमानात पहिल्यांदा चालला तं खायचं घरूनच बांध

भाऊ, नागपूरहून पहिल्यांदाच इमानानं (विमानानं) चालला ना, मंग खायचं घरूनच ने, पोळी-भाजी, चिवडा, लाडू, सारं चालते अंदर, कोणी काई म्हणत नाई. फक्त लोणचं अन् ठेचा हातातल्या ब्यागीत ठेवजो नको, चेकिंगले काढून घेतेत. काउंटरवर जमा कराच्या मोठ्या ब्यागीत टाक, पण तेल गळलं तं कपड्याइचा सत्यानाश. अन् सुकं खोबरं तं मोठ्या ब्यागीतही नाई चालत, त्यात तेल असते ना, पेट घेते म्हणून.

पावर ब्यांकेचं उलटं हाय, थे हातातच पायजे. चार्जर इसरू नको, विमानतळावर घ्याले गेला का डोळे पांढरे होतेत.

पाण्याची बाटली रिकामी ने, चेकिंग झाल्यावर नळ असते, भरून घे, कायले फालतू पैसे देतं? घ्याचंच असन तं पाकीटबंद बिस्कीट घे अन् छापेल एमआरपी पाय, खुला समोसा अन् चहा मात्र थे लावतीन थो भाव. संत्रा बर्फी शहरातूनच घे बे. अन् दुकानात रेंगाळू नको, इमानात चढाचं गेट उडाच्या बहुतेक २५ मिनिटं आधीच बंद होते.