बोल कुणाला लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये फ्लोरिडा स्टेटला एमएससाठी चाललोय, तिथले सीनियर अजून 2023 च्या ऑरेंज बोलवरून (कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये सीझनअखेर निवडक संघांचे जे मानाचे बोल गेम होतात, त्यातला एक) भांडतात, चांगले खेळाडू तर उतरलेच नव्हते म्हणे, मग हरल्याचा एवढा त्रागा कशाला? आणि बोल गेमच्या तिकिटावर पैसे घालावेत का?

तिकिटाचं नंतर बघू. ते "उतरलेच नव्हते म्हणे" आहे ना, त्यासाठी मी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडलाय. हे वाक्य मी दर दिवाळीला फराळाच्या ताटासमोर बसून ऐकतो. म्हणणारा माझा साडू.

मी 2003 ते 2005 टॅलाहासीत, म्हणजे फ्लोरिडा स्टेटलाच होतो. साडू जॉर्जिया विद्यापीठाचा, अथेन्सचा, म्हणजे त्या सामन्यात समोरच्या बाजूचा. शिवाय पुण्यात इंजिनिअरिंगला आम्ही एकाच वर्गात. दोघांनी दोन बहिणींशी लग्न कसं केलं तो वेगळा किस्सा आहे. एवढंच लक्षात ठेवा की आमचं नातं नंतरचं आणि भांडण आधीचं.

निकाल 63-3. टायपो नाही. बोल गेममध्ये तोवर इतक्या फरकाने कुणीच हरलं नव्हतं. आधीचा विक्रमही जॉर्जियाचाच, त्याच वर्षी जानेवारीत टीसीयूला 65-7. हे दुसरं वाक्य साडू कधीही गाळत नाही.

पण त्रागा त्या संध्याकाळी सुरू झालेला नाही. तो 3 डिसेंबरचा आहे. आमचा संघ तेव्हा 13-0 होता. एलएसयूला 45-24, क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत 31-24. मग 18 नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामासारख्या लिंबूटिंबूशी खेळताना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. टेट रोडमेकर आला, त्याने गेन्सव्हिलला जाऊन फ्लोरिडाला हरवलं. त्यात त्याच्या डोक्याला मार बसला, म्हणून कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या गटाच्या, फायनलला तिसऱ्या नंबरचा, पहिल्याच वर्षात असलेला ब्रॉक ग्लेन उभा केला. तरी लुइव्हिलला 16-6. दुसऱ्या दिवशी कमिटीने प्लेऑफसाठी, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या सामन्यांसाठी, चार नावं वाचली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. शेवटचे दोघे एकेक सामना हरलेले. आम्ही एकही नाही, आणि आम्ही पाचवे. चार संघांचं प्लेऑफ दहा वर्षं चाललं, त्यात मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर बसला तो तेवढाच एकदा. कारण काय, तर ट्रॅव्हिसशिवाय हा तो संघ राहिलेला नाही. त्या पोराने लिहिलं की माझा पाय सीझनमध्ये आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकवर चालत नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. स्वतःच्या मोडक्या पायाबद्दल असं लिहायची वेळ यावी! गव्हर्नर डिसँटिसनी कोर्टकचेरीसाठी बजेटमध्ये 10 लाख डॉलर ठेवतो म्हणून जाहीर केलं.

तुम्ही पुण्याकडचे असाल तर असं समजा: 2022 ला पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून करंडक दिलाच नाही, तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर जे पेटलं होतं ते आठवा. आता तेच 80 हजारांच्या स्टेडियमच्या हिशेबात कल्पून बघा.

तर समजूत काढायला म्हणून आम्हाला ऑरेंज बोल मिळाला, समोर सहाव्या नंबरचा जॉर्जिया. तेही भडकलेले. सलग 29 सामने जिंकून अलाबामाकडून 27-24 हरले होते. फरक इतकाच की त्यांची बहुतेक पोरं मैदानात उतरली आणि आमची दोन डझनांहून जास्त पोरं बाहेर बसली. जॅरेड व्हर्स, कीऑन कोलमन, जॉनी विल्सन, ट्रे बेन्सन, कुणीच नाही. रोडमेकरही नाही. पुन्हा ग्लेनच.

हे सगळं माहीत असून मी सहा तिकिटं काढली. बायको म्हणाली, "आयपॅड घेऊन घरी बघा, मी भजी करते." ऐकलं असतं तर हे उत्तर इथेच संपलं असतं. पण साडू कुटुंबासकट अटलांटाहून नाताळच्या सुट्टीला आमच्याकडे जॅक्सनव्हिलला आलेला, आणि नोव्हेंबरात 10-0 असताना मीच त्याला फोन करून नको ते बोललो होतो. एका मिनीव्हॅनमध्ये दोन कुटुंबं, मायामीपर्यंत साडेपाच तास. डाव्या खिडकीला माझा गार्नेट-सोनेरी झेंडा, उजव्या खिडकीला त्याचा बुलडॉगवाला. माझ्या मुलीने मध्ये बसून दोन्ही बाजूंचे थेपले खाल्ले. (हो, थेपले. मराठी घरात दशम्या कुणी करत नाही आता.)

पार्किंगमध्ये टेलगेट, म्हणजे सामन्याआधी गाडीमागे मांडायचं खाणंपिणं, मात्र झकास झालं. गॅसच्या शेगडीवर कढई, बायकोने रात्रीच सारण करून आणलेलं, गरम बटाटेवडे. शेजारच्या गाडीतले जॉर्जियाचे म्हातारे-म्हातारी आधी लांबून बघत होते, नंतर लसणाची चटणी मागून घेऊन गेले. या खेळातलं मला सगळ्यात जास्त आवडणारं हेच आहे आणि याला तिकीट लागत नाही. तुम्ही तिथे गेलात की एवढं तरी कराच.

आत मात्र विचारू नका. हाफटाइमला 42-3. आमच्या बाजूची माणसं उठायला लागली होती. कोण चिडून, कोण हसत. मागच्या रांगेतला एकजण फोनवर व्हर्सला शिव्या घालत होता, नाव घेऊन, आईबहिणीवरून, जणू त्याने याचे उसने पैसे बुडवलेत. बायको साडूला म्हणाली, "दाजी, चला, पोरं पेंगायला लागलीत." दाजींनी काय करावं? माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला:

"तुमची पोरं जीआरईला गेली वाटतं सगळी!"

मी हसलो नाही. बायको हसली नाही, कारण तिला माहीत आहे. तुम्हाला सांगतो.

2002 चा सप्टेंबर. आमच्या कॉलेजची एकांकिका पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत पोचली होती. मुख्य नाही, पण दुसऱ्या नंबरची भूमिका माझी. साडू दिग्दर्शक. दोन महिने रात्री दोन-दोनपर्यंत तालमी, टपरीवरचा चहा, "अरे आव्वाज कुणाचा" ओरडून बसलेले घसे. आणि अंतिम फेरीच्याच दिवशी माझी जीआरई, अमेरिकेत एमएसला जायची परीक्षा, मुंबईला. तारीख प्राथमिक फेरीच्या आधीच घेतलेली. आम्ही अंतिमला जाऊ असं खुद्द दिग्दर्शकालाही वाटत नव्हतं तेव्हा. फीचे डॉलर भरायला वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. तारीख बदलायची तर पुन्हा पैसे. ते मागायला मी सांगलीला फोन लावला आणि आईचा आवाज ऐकून नुसतीच ख्यालीखुशाली विचारून ठेवून दिला.

मी मुंबईला गेलो. माझ्या जागी एका ज्युनियरला उभं केलं. बक्षीस मिळालं नाही. परत आल्यावर कट्ट्यावर कुणी जागा केली नाही. साडूने तेव्हा वापरलेला शब्द इथे लिहीत नाही, पण तो कॉलेज फुटबॉलचे चाहते व्हर्ससाठी वापरतात त्याच जातकुळीचा होता.

आता मला सांगा, "संघासाठी एवढं करता येत नाही?" असं विचारणाऱ्याने त्या संघासाठी काय पणाला लावलेलं असतं? तिकीट आणि एक संध्याकाळ. खेळणाऱ्याचा गुडघा असतो. जेक बट नावाचा मिशिगनचा टाइट एंड होता, त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम टाइट एंडचं बक्षीस मिळवलेला. 30 डिसेंबर 2016, हेच स्टेडियम, हाच ऑरेंज बोल, समोर आम्हीच. गुडघ्याचा लिगामेंट तुटला. आम्ही 33-32 जिंकलो, मी घरी सोफ्यावर नाचलो. बट ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्यात, थेट पाचव्या फेरीत घसरला. त्याच्या आधी त्याच वर्षी जानेवारीत नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा फिएस्टा बोलमध्ये गेला होता. उगाच नाही त्या 2016 च्या डिसेंबरपासून मॅकाफ्री आणि फोर्नेटसारखी पोरं बोल गेमला नमस्कार करायला लागली. व्हर्स 2024 च्या ड्राफ्टमध्ये 19 वा गेला आणि पहिल्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला. कोलमन 33 वा. त्या मागच्या रांगेतल्या शिव्या ऐकून हे दोघं उतरले असते आणि एकाचा पाय गेला असता, तर तो माणूस त्यांच्या फिजिओथेरपीचे पैसे भरणार होता का?

आणि साडूबुवा, तुमचा ब्रॉक बाउअर्स तरी कुठे खेळला त्या दिवशी? घोट्याचं ऑपरेशन झालेलं, पुढे ड्राफ्टमध्ये 13 वा गेला. तो शहाणा आणि आमची पोरं पळपुटी?

चाहते चिडतात त्यामागचं साधं कारण मला असं वाटतं. बोल गेमनंतर पुढचा सामना थेट ऑगस्टच्या अखेरीस. आठ महिने तोंडात तीच चव. रणजीत हरलात तर आठवड्याने पुढची मॅच असते; इथे 63-3 घेऊन उन्हाळा काढावा लागतो. कमिटीवर चिडून उपयोग नाही, ती खोलीचं दार लावून बसलेली. मग जो दिसतो त्याला बोल लावायचा. मराठीत या खेळाचं नाव अगदी बरोबर बसलंय.

सामना संपल्यावर जॉर्जियाच्या कोचनेच, कर्बी स्मार्टने, सांगितलं की आज जे झालं ते लोकांनी बघावं आणि ही व्यवस्था दुरुस्त करावी. जिंकलेला माणूस हे म्हणतोय. दुरुस्ती काय झाली? 2024 पासून प्लेऑफ 12 संघांचं झालं. आणि 2025 च्या डिसेंबरात प्लेऑफमध्ये घेतलं नाही म्हणून नोटर डेमने अख्खा बोलच नाकारला. एक खेळाडू बाहेर बसला तर गद्दार, अख्खी संस्था बसली तर स्वाभिमान. घ्या.

आम्ही दुसऱ्या हाफला थांबलो. म्हणजे मी थांबलो, बाकीचे माझ्यामुळे. जॉर्जियाची राखीव पोरं खेळत होती तरी गुण चढतच होते. शेवटी आमच्या सेक्शनमध्ये आवाज इतका कमी झाला की बाजूच्या आइस्क्रीमवाल्याचं बोलणं ऐकू येत होतं. परतीच्या वाटेवर उजव्या खिडकीचा झेंडा साडूने स्वतः काढून घेतला. एवढी माणुसकी आहे त्याच्यात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाहीतर तो खाली येऊन लिहीलच. बाहेर बसणाऱ्याचं काही जात नाही, तिथे उभं राहणाऱ्याचं जातं. त्या संध्याकाळी 63-3 लागलं ते ग्लेनच्या नावाला. 2002 ला भरत नाट्यच्या स्टेजवर तिसऱ्या मिनिटाला वाक्य विसरून गप्प उभा राहिला तो ज्युनियर. मी विंगेत नव्हतो, मला हे नंतर कळलं. त्याला मी आजवर फोन केलेला नाही. साडूने मात्र केला होता, त्याच रात्री.

तिकिटाचं: घरच्या मैदानावरचे सामने बघा. फीमध्ये अॅथलेटिक्सचे पैसे तसेही कापले जातात. ओसिओला, म्हणजे आमच्या संघाचं प्रतीक असलेला योद्धा, घोड्यावरून येऊन मैदानाच्या मध्यात जळता भाला रोवतो, ते एकदा तरी स्टेडियमात बसून बघायचं असतं. बोल गेमला मात्र कोण उतरतंय, कोण नाही याची नावं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाचा, मगच काढा, माझ्यासारखी सगळं माहीत असून नको. आणि संघ चांगला असेल याच भरवशावर राहू नका. 63-3 नंतरच्या सीझनला आम्ही डब्लिनला जाऊन जॉर्जिया टेककडून हरलो आणि वर्ष 2-10 वर संपवलं. तेव्हा तर सगळे उतरले होते.